मुलांच्या हाती आत्मचरित्र



वसंत ऋतूत गावोगावी व्याख्याने व्हावीत ही महाराष्ट्रातली जुनी प्रथा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे लोण पुढे लहान लहान गावांपर्यंत पोहोचले. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे हे योग्यच. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे सारे शिक्षण साखर कामगारांच्या युनियनच्या कचेरीत, दिवसा लोकांचे अर्ज लिहिता लिहिता आणि रात्री वाचनालयातली पुस्तके वाचता वाचता झाले. तेव्हा या भाषणात काही उणे दिसले तर ते आमचे समजावे. आणि काही उपयोगाचे हाती लागले तर त्याचे श्रेय, ज्यांचे अर्ज लिहीत आम्ही शिकलो, त्या कामगारांना द्यावे.

प्राथमिक शाळेतील मुलांना आत्मचरित्रे वाचायला आणि स्वतःचे आत्मचरित्र लिहायला शिकवावे की नाही, हा आजचा विषय आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने या शिक्षकांच्या विषयात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका तारखेत आहे. ती तारीख म्हणजे १ जून.

या मंडपात ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी हात वर करावेत, असे आम्ही म्हटले तर किती हात वर होतील, याचा अंदाज आपण मनाशीच करावा. आमचाही हात त्यांत असेल. आपल्या गावांतून इतकी माणसे एकाच दिवशी जन्माला आली, याचे कारण ग्रहांत नाही. ते शाळेच्या दाखल्यात आहे. जून महिन्यात बाप मुलाला शाळेत घेऊन जाई. गुरुजी जन्मतारीख विचारीत. बाप म्हणे, "पोळ्याच्या आसपासचा आहे." गुरुजी मुलाकडे एकदा नीट पाहत, अंदाजाने साल ठरवीत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. गुरुजींचा त्यात दोष नव्हता. रकाना भरणे त्यांना भागच होते. परंतु आमच्या आयुष्याविषयी कागदावर लिहिलेले पहिले वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले, आणि तेही अंदाजाने, ही गोष्ट खरीच राहते.

या अंदाजाची किंमत पुढे मोजावी लागते. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यातला गव्हाणीवरचा एक कामगार आमच्याकडे आला. दाखल्यावर त्याचा जन्म १ जून १९४४ असा होता आणि त्याप्रमाणे त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली होती. गांधीबाबा गेल्याची बातमी गावात आली तेव्हा तू पाळण्यात होतास, असे त्याची आई त्याला सांगत असे. म्हणजे त्याचा जन्म १९४७ सालचा. तीन वर्षांच्या पगाराचा प्रश्न होता, आणि घरात एक मुलगी लग्नाची होती. आम्ही प्रकरण कामगार न्यायालयात नेले. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर वकिलाने विचारले, शाळेत कधी गेला, कधी सोडली, कामाला पहिल्यांदा कधी लागला. मनुष्य गप्प. एक साल दुसऱ्याला जुळेना. लेखी पुरावा कोणताच नव्हता. प्रकरण आम्ही हरलो.

पुढे जे घडले ते आम्ही विसरलो नाही. बाहेर येऊन आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो, आणि तिथे तोच मनुष्य दोन तास बोलला. कोणत्या दुष्काळात कोणते गाव सोडले, कोणत्या पावसाळ्यात भाऊ गेला, कारखान्याच्या चिमणीतून पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा आपण कोणाच्या खांद्यावर होतो, हे सारे त्याने क्रमवार सांगितले. सांगण्यासारखे त्याच्यापाशी भरपूर होते. आयुष्य क्रमाने मांडण्याची सवय मात्र त्याला कोणी लावली नव्हती. लिंबाखाली जे आले ते पिंजऱ्यात आले नाही. ही सवय लहानपणी, शाळेत लागू शकली असती काय? या प्रश्नाने आम्हांला या विषयाकडे वळविले.

आता इतिहासाकडे वळू. आत्मचरित्र हा थोरांचा वाङ्मयप्रकार आहे, अशी आपली समजूत असते. ज्याने राज्य केले, परिषद गाजविली, संस्था काढली, त्याने उतारवयात आपल्या आठवणी लिहाव्यात आणि इतरांनी त्या वाचाव्यात, असा हा समज. नाना फडणविसांनी आपल्या पूर्वायुष्याचे वृत्त लिहिले आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आले ते मात्र १९४७ साली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ सालचे. ही सारी मोलाची पुस्तके आहेत. पण एवढीच परंपरा मानली तर चौथीतल्या पोराने आत्मचरित्र लिहावे, हे हास्यास्पदच वाटेल.

परंपरा एवढीच नाही. गोदावरी ओलांडून वैजापूरकडे गेले की शिऊर गाव लागते. तेथील संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात अभंगांतून स्वतःचे आयुष्य सांगितले आहे: माहेर, लहान वयातले लग्न, गावोगावची भटकंती, नवऱ्याचा राग आणि तुकोबांची ओढ. या बाईने राज्य केले नव्हते, संस्था काढली नव्हती. तिने सोसले होते, आणि आपले सोसणे सांगण्याच्या योग्यतेचे आहे असे तिला वाटले. आमच्या समजुतीप्रमाणे आत्मचरित्राला पात्रता लागते ती एवढीच.

यापुढचा टप्पा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे, आणि त्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे. ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात त्या नगर शहरात अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. जोतीराव फुले यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. याच नगर शहरात १८४२ साली 'ज्ञानोदय' नावाचे पत्र सुरू झाले. पुढे ते मुंबईहून निघू लागले. त्या 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग आणि महार यांचे दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी होती. तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे, आणि शाळेत जाऊन तिला झाली होती अवघी तीन वर्षे.

या मुलीने काय लिहिले? ज्यांना धर्माचे पुस्तक पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. आपल्या लोकांना जमिनींवरून कसे हुसकले, इमारतींच्या पायांत माणसे कशी पुरली, पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचे काय होत असे, हे तिने लिहिले. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्या बाया थंडीपावसात बाळंत होताना काय सोसतात, तेही लिहिले. शेवटी आपल्या लोकांना शिकण्याची विनवणी केली.

रूढ अर्थाने हे आत्मचरित्र नव्हे, हे आम्ही जाणतो. अमुक साली माझा जन्म झाला, असे त्यात नाही. पण त्यातले दुःख पुस्तकातून उतरविलेले नाही. ते तिच्या घरचे आहे, तिच्या वस्तीतले आहे. तिने 'मी'चे चरित्र लिहिले नाही, 'आम्ही'चे लिहिले. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एका मुलीने हे लिहिले, याचा अर्थ तिच्या शिक्षकांनी तिला केवळ अक्षरे शिकविली नव्हती. तुझ्या घरी जे घडते ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वासही दिला होता. महाराष्ट्रातल्या नव्या शिक्षणाच्या अगदी पहाटे हे घडले. आम्ही आज जी गोष्ट नवी म्हणून मागत आहोत, ती १८५५ साली एका शाळेने करून दाखविली होती. मध्यंतरी आपण ती विसरलो.

तिच्यानंतर आपल्या भागाने आणखी एक उदाहरण दिले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे राहुरी व नगर येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या शिकवणीतून. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली, आणि आजही मराठी गद्याची थोरवी सांगताना ते नाव पहिल्या ओळीत घेतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे कसे साधले? आम्हांला वाटते, त्या जशा बोलत तशाच लिहीत गेल्या, म्हणून साधले. चांगले लिहायचे म्हणजे बोलण्याहून वेगळे काहीतरी लिहायचे, असे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आमच्या शाळा नेमके तेच शिकवितात.

ज्यांना असा प्रश्न पडतो की दहा वर्षांच्या मुलाला आयुष्य ते काय असणार, त्यांच्यासाठी आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देतो. १९०१ साली, सुमारे नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भावाभाच्यांसह वडिलांकडे जायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कोणी आले नव्हते. पत्र पोहोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा नूर पालटला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. बरोबर शिदोरी होती, पण पाणी मिळेना. ती रात्र मुलांनी तशीच काढली. हा प्रसंग बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिला आणि पुस्तिकारूपाने तो छापला गेला १९९० साली.

म्हणजे दहा वर्षांच्या मुलापाशी आत्मचरित्राचे पहिले प्रकरण तयार होते. ते कागदावर यायला पस्तीस वर्षे लागली, छापून यायला आणखी पन्नासाहून अधिक. तो मुलगा बाबासाहेब होता म्हणून ते आले तरी. त्याच सुमारास किती मुले किती स्टेशनांवर तहानेली बसली असतील, त्यांचे काय?

त्यांचे उत्तर पुढच्या पिढीने दिले. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले धामणगाव हे दया पवारांचे गाव. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मराठी वाचकाची झोप उडाली. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले, आणि कित्येक वर्षे ते लिखाण घरात लपवून ठेवले. ही पुस्तके उघडून पाहा. त्यांतला मोठा भाग लहानपणाचा आहे: शाळेत कोठे बसविले, भाकरी कोठून आली, कोणी काय म्हटले. जे आयुष्य 'वाङ्मयीन' नाही असे समजले जात होते, त्यातूनच मराठी वाङ्मय गेल्या अर्धशतकात श्रीमंत झाले.

एवढा इतिहास असलेल्या प्रांतात शाळा काय करतात? शाळेतही 'आत्मवृत्त' लिहायला सांगतात. नाही असे नाही. पण कोणाचे? फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त. नदीचे आत्मवृत्त. पडक्या किल्ल्याचे मनोगत. जुन्या वडाच्या झाडाची कैफियत. आमच्या लहानपणी हेच होते आणि आमच्या मुलांच्या वह्यांतही आम्ही हेच पाहिले. कल्पनाशक्तीला व्यायाम म्हणून यात काही वाईट नाही. पण जिच्या घरी पावसाळ्यात एकही छत्री नाही त्या मुलीने छत्रीचे दुःख पानभर लिहायचे, आणि दप्तर डोक्यावर धरून आपण शाळेत कसे आलो याची एक ओळही कोणी मागायची नाही, हा प्रकार आम्हांला विचित्र वाटतो. छत्री बोलते, नदी बोलते, किल्ला बोलतो. मूल तेवढे गप्प.

अन्य देशांतही हा प्रश्न शहाण्या माणसांना पडला होता. रशियात लिओ टॉलस्टॉय यांनी १८५९ साली आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालू केली. ही मुले गोष्ट रचताना पाहून तो जगप्रसिद्ध लेखक चकित झाला. लिहायला आपण यांना शिकवावे, की यांनी आपल्याला, असा प्रश्न त्यांनी १८६२ साली एका लेखातून जाहीरपणे विचारला. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे खेडेगावातले शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला इजा झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ मोठ्याने बोलता येत नसे. ते मुलांना गावात हिंडवीत, मुलांना पाहिलेले-अनुभवलेले लिहायला लावीत, आणि १९२४ पासून एक लहानसे छपाईयंत्र वर्गात ठेवून मुलांचे लिखाण मुलांकडूनच छापून घेऊ लागले. त्यांच्या वर्गात मुलांचे स्वतःचे आयुष्य हेच वाचनपाठाचे साहित्य झाले. हे गृहस्थ शिक्षकांच्या युनियनमध्येही काम करीत, हे वाचून आम्हांला विशेष समाधान वाटले. आपल्याकडे कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाचा स्वतःचा अनुभव हाच शिकण्याचा पाया मानला.

आता आपल्या राहात्याकडे येऊ. या भागाचे रूप पाटाच्या पाण्याने पालटले. गोदावरीचे कालवे निघाले, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाही. पण या इतिहासात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येऊन उन्हाळ्याच्या तोंडाला परत जाणारी माणसे कोठे आहेत? बीड, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून मुकादमाची उचल घेऊन येणारे नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसांची संख्या अवजारावर मोजण्याची ही रीत सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही खटकत नाही. त्या कोयत्याबरोबर कोपीवर येणारी मुले तर कोणत्याच मोजणीत नव्हती. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या. पुढे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला आणि ही मुले जवळच्या शाळेत बसावीत किंवा गावीच हंगामी वसतिगृहात राहावीत अशी सोय करण्यात आली. तरी हंगामात कित्येक मुले अर्ध्यावर वर्ग सोडतात, हे आपण सारे जाणतो.

अशाच एका शाळेत, येथून फार दूर नसलेल्या, आम्हांला काही वर्षांपूर्वी एका गुरुजींनी बोलावले. १ मे जवळ आला होता; कामगार दिनाबद्दल चार शब्द सांगा म्हणाले. चौथीचा वर्ग होता. फळ्यावर विषय लिहिलेला होता: 'मी छत्री बोलते'. आम्ही गुरुजींना म्हटले, एक महिना पुढच्या वर्षी आम्हांला द्या. त्यांनी दिला. जे केले ते थोडक्यात सांगतो. त्यात कोणतीही जादू नाही आणि खर्चही नाही.

आधी वाचन. आठवडाभर रोज एक प्रसंग मोठ्याने वाचला: बाबासाहेबांचा मसूरचा प्रवास, लक्ष्मीबाईंच्या लहानपणचा एखादा प्रसंग, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तली एखादी रात्र. मुलांना एकच गोष्ट विचारली, तुमच्याकडे असे कधी झाले का? मग तीन दिवस घरी विचारपूस. माझा जन्म कोठे झाला, तेव्हा जवळ कोण होते, त्या दिवसांत काय चालले होते. तिसरे काम सुतळीचे. प्रत्येक मुलाने आपल्या वयाइतक्या गाठी मारायच्या आणि प्रत्येक गाठीला त्या वर्षीची एक आठवण सांगायची. लेखणी हाती दिली ती यानंतर. एकच प्रसंग, जसा आठवतो तसा, घरच्या बोलीत. शुद्धलेखनाची लाल शाई पहिल्या लिखाणावर फिरवायची नाही. दुसऱ्या वाचनात मूल स्वतःच निम्म्या चुका दुरुस्त करते, हा आमचा अनुभव.

त्या वर्गात ऊसतोडणीवाल्यांचा एक मुलगा होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे जवळजवळ अर्धे वर्ष गैरहजेरीच्या खुणा. गुरुजींच्या लेखी तो मागे पडलेला. पण त्याची सुतळी पाहिली तेव्हा सारा वर्ग त्याच्याभोवती जमला. प्रत्येक गाठीवर दोन-दोन गावे. कोणत्या साली कोणत्या कारखान्यावर, तिथली नदी कोणती, बैल कोणते, बहीण कोठे झाली, हे त्याला पाठ होते. हजेरीपटावरचे जे महिने कोरे होते, नेमके तेच त्याच्या सुतळीवर भरलेले होते. त्या दिवसापासून भूगोलाच्या तासाला गुरुजी त्याला उभे करून विचारू लागले. तो महिनाभर न चुकता आला. पुढे हंगाम संपला, आणि तो गेला.

एक चूक झाली तीही सांगितली पाहिजे. एका मुलीने आपल्या बापाच्या दारूविषयी लिहिले. लिहिले फार खरे होते. आम्ही कौतुकाच्या भरात ते वर्गात वाचून दाखविले. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आम्ही आणि गुरुजी तिच्या घरी गेलो, तिच्या आईची क्षमा मागितली. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते इतर कोठे शिकलो नसतो. मुलाचे आयुष्य ही मुलाची मालमत्ता आहे. काय लिहावे, कोणाला दाखवावे, कोणते पान दुमडून ठेवावे, हे त्याने ठरवायचे. शिक्षकाने जबरदस्तीने लिहवून घेतलेले आत्मचरित्र आणि मुकादमाने लिहवून घेतलेला कागद यांत फारसा फरक राहत नाही.

या कल्पनेला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, याला परीक्षेत गुण किती? आमचे उत्तर असे की, ज्या मुलाला स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग क्रमाने लिहिता येतो त्याला छत्रीचे आत्मवृत्तही लिहिता येते. उलट मात्र घडतेच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाच्या मुलाला गरिबी लिहायला लावून तुम्ही त्याला लाजवता, असे म्हणतात. लाजविण्याचा धोका आहेच. तो आम्ही वर कबूल केला. पण लाज गरिबी लिहिल्याने वाटते, की वर्गात आपल्यासारखे कोणीच नाही या समजुतीने वाटते? मुक्ता साळवेने लिहिले तेव्हा तिने लाज आपल्याकडे ठेवून घेतली नाही. ज्याची होती त्याच्या दारात नेऊन ठेवली. सगळा वर्ग लिहितो तेव्हा सावकाराच्या मुलाच्या वहीतही एखादे दुःख निघते, आणि कोपीवरच्या मुलाच्या वहीतही एखादा सण निघतो. हे एकमेकांना कळणे, हेही शिक्षणच.

श्रोतेहो, कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्याचे आयुष्य तो स्वतः लिहीत नाही, त्याचे आयुष्य दुसरे कोणीतरी लिहितेच. मस्टरवर टाइमकीपर लिहितो, उचलीच्या वहीत मुकादम लिहितो, चावडीवर तलाठी लिहितो, ठाण्यावर हवालदार लिहितो. ती वाक्ये सगळीच खोटी असतात असे नाही. पण ती त्यांच्या सोयीची असतात. आपलेही एक वाक्य त्या कागदांशेजारी असावे, एवढेच आमचे मागणे आहे, आणि ते लिहिण्याची सवय चौथीत लागते, चाळिशीत नाही.

शेवटी आमची एक कसूर. लिंबाखाली बसून दोन तास बोललेल्या त्या कामगाराचे बोलणे आम्ही त्या दिवशी लिहून घेतले नाही. आम्ही जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले, पण तो अर्ज नव्हता म्हणून आम्हांला सुचले नाही. काही वर्षांनी तो वारला. त्याच्या बोलण्यातले आम्हांला आज जेवढे आठवते तेवढे आपल्याला सांगितले. बाकीचे त्याच्याबरोबर गेले. त्याच्या नातवंडांनी विचारले तर आमच्यापाशी द्यायला काही नाही.

म्हणून एकच विनंती करून आम्ही थांबतो. थोड्याच दिवसांत जून उजाडेल आणि शाळांचे दाखले भरले जातील. आता जन्मनोंदीचे कागद असतात, तारखा बहुधा खऱ्या असतात. तो प्रश्न सुटत आला आहे. पण तारखेच्या पुढचे पान अजून कोरेच आहे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी यंदा वर्षातून एक महिना छत्रीकडून काढून मुलांना द्यावा. जे आईबाप, आजीआजोबा आहेत त्यांनी मुलाने घरी येऊन 'माझा जन्म झाला तेव्हा काय चालले होते' असे विचारले, तर कामात आहे म्हणून त्याला घालवू नये. बसून सांगावे. आणि त्याला लिहू द्यावे.